दोन फोटोंचा नियम

मामा भित्रे होते हे सगळ्या घराण्याला माहीत होतं, आणि मामांनाही त्यात लपवण्यासारखं काही वाटत नसे. कुत्रं दिसलं की ते फूटपाथ बदलायचे. लिफ्टचं दार लागलं की डोळे मिटून घ्यायचे. लोकांच्या कवळ्या बनवण्यात अर्धं आयुष्य गेलं, पण स्वतःची दाढ काढायची वेळ आली तेव्हा खुर्चीतून उठून, डॉक्टरांचा अॅप्रन गळ्यात तसाच ठेवून घरी पळून आले होते. आणि अशा माणसाला वेड कसलं लागावं? ड्रॅग रेसिंगच्या गाड्यांचं! म्हणजे सरळसोट पट्टीवर गाडी उभी करायची, इंजिन पिसाळेपर्यंत तापवायचं, आणि झेंडा खाली आला की श्वास सोडायच्या आत पट्टीचं दुसरं टोक गाठायचं. ना वळण, ना विचार. आता, मामांना अशा गाडीत कुणी बसवलं असतं तर ते तिथल्या तिथे आडवे झाले असते. ते या गाड्यांच्या लहान प्रतिकृती बनवायचे. टेबलावर मावणाऱ्या, मुक्या, कुणाच्या जिवावर न उठणाऱ्या.

कवळ्यांच्या कामाची हत्यारं याही कामाला चालतात. मेणाचा साचा, बारीक ओतकाम, डोळ्याला लावायचं भिंग, दाढेच्या खाचा कोरायच्या सुया. दिवसभर लॅबमध्ये लोकांचे दात करायचे आणि संध्याकाळी त्याच टेबलावर गाडी. सगळ्यांत गाजली ती त्यांची 'टोळ'. मूळ टोळ ही जुन्या काळातली नावाजलेली गाडी. रंग हिरवा, पुढचं अंग काडीसारखं लांबच लांब, पुढची चाकं सायकलला शोभतील इतकी बारीक, मागची अगडबंब, आणि चालवणारा त्या मागच्या चाकांच्याही मागे, अगदी शेपटाशी बसलेला. ती गाडी केव्हाच भंगारात गेली. मागे उरले ते फोटो, आणि फोटोंवरून मामांनी केलेला हा हातभर टोळ.

मामांचा एक नियम होता, आणि तो ते भेटेल त्याला ऐकवायचे. जी गोष्ट दोन फोटोंत दिसते, तीच करायची. एकाच फोटोत दिसली तर सोडून द्यायची. "अहो, एका फोटोत काहीही असतं," ते म्हणायचे. "कुणी फडकं ठेवलेलं असतं, सावली पडलेली असते. एका फोटोच्या नादी लागलात की बुडालात!" या नियमावर त्यांनी एकेक खिळा बसवला होता. प्रदर्शनात परीक्षक भिंगं लावून टोळावर वाकायचे, आणि मामा शेजारी उभे राहून म्हणायचे, "शोधा, शोधा. अंदाजाचं काही सापडलं तर मला सांगा."

आता एक गोष्ट होती, जी मामांनी कुणालाच सांगितली नव्हती. टोळ पूर्ण होऊन पहिल्यांदा चाकांवर ठेवला तेव्हा त्याने शेपूट टेकवलं आणि नाक वर केलं. मागची चाकं आणि आतला बाहुला दातांच्या धातूत ओतलेला, जड. इंजिन मात्र पोकळ प्लास्टिकचं. तोल राहणार कसा? मामांनी गळाला लावायचा शिशाचा गोळा आणला, नाकात बसवला, वरून कवळीच्या हिरड्यांचं गुलाबी अॅक्रिलिक भरलं, घासलं आणि हिरवा रंग मारला. टोळ शहाण्यासारखा चार चाकांवर उभा राहिला. दिसत नाही ते खोटं कसं, असं मामांनी मनाला समजावलं. मनही त्यांचंच, लगेच समजलं.

इथवर सगळं टेबलावरचं होतं. घोळ केला तो ठिणगीने.

ठिणगी म्हणजे ताईची मुलगी, मामांची एकुलती एक भाची. लहानपणी तिने घरातला मिक्सर उघडून परत जोडला होता, तेव्हापासून हे नाव. आता स्वतःचं गॅरेज चालवते. एक दिवस ती आली आणि म्हणाली, "मामा, मला तुझा टोळ दे. मी तो खरा करणार. पुरा मोठा. आणि पळवणार."

मामा घाबरलेच. पण भीतीच्या शेजारी आणखी काहीतरी उठलं, आणि तो अभिमान होता, उगाच कशाला नाकारा! त्यांनी मापं घेऊ दिली. ठिणगीने टोळाची नळी न् नळी मोजली, सोळाने गुणली आणि गॅरेजमध्ये सांगाडा जोडायला घेतला. मामांच्या भिंतीवरचे फोटो बघताना एकदा तिने बोट ठेवलं होतं. "मामा, हे पुढच्या चाकांच्या मध्ये काय बांधलंय? बोचकं?"

"फडकं असेल, हत्यारांची पिशवी असेल. एकाच फोटोत आहे, सोड," मामा म्हणाले. तिने सोडलं.

ताई मात्र सोडणारी नव्हती. नवरा लवकर गेला, मुलगी एकटीने वाढवली, आणि ती मुलगी आता बंदुकीच्या गोळीत बसायला निघालेली. ती भावाच्या लॅबमध्ये आली, कवळ्यांच्या रांगेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही. तुला कळतं. तू सांग, त्या गाडीत सगळं जसं होतं तसंच आहे ना?"

"ताई, टोळात एकही गोष्ट अंदाजाची नाही."

"बघ हं. तू म्हणतोस म्हणून हो म्हणते आहे मी. ती तुझ्या शब्दावर बसणार आहे त्या गाडीत."

मामांनी मान डोलावली होती.

गाडी झाली. जुन्या, बंद पडलेल्या विमानपट्टीवर ठिणगीने ती अर्ध्या जोरावर पळवून पाहिली. पाण्यासारखी धावली. मग पुऱ्या जोराचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी ती लहान टोळ परत द्यायला आली. खोक्यातून काढताना हातात तोलत हसून म्हणाली, "काय रे मामा, हा पुढून केवढा जड! आमच्या खऱ्या टोळाचं नाक तर मी एका हाताने उचलते."

"धातू आहे ना," मामाही हसले.

"उद्या येणार आहेस?"

"मी? नको गं बाई. मी घरीच बरा."

"बरोबर आहे. तिथे माझ्याऐवजी तुलाच अँब्युलन्समध्ये घालायचे." मामांच्या पाठीत एक थाप मारून ती गेली.

सकाळी मामांनी लॅब उघडली, हात धुतले आणि टोळाला त्याच्या काचेच्या पेटीत ठेवायला घेतलं. नेहमीसारखं मधोमध धरून उचललं. नेहमीसारखंच नाक खाली गेलं. आणि कालचं वाक्य कुणी कानात बोलावं तसं परत ऐकू आलं. आमच्या खऱ्या टोळाचं नाक मी एका हाताने उचलते.

मामा थांबले. खऱ्याचं नाक हलकं. कारण खऱ्यात शिसं नाही. शिसं असणार कुठून, ते तर मामांनी लपवलं होतं.

असू दे की, त्यांनी स्वतःला म्हटलं. खऱ्याला शिशाची काय गरज? त्याचं इंजिन थोडंच पोकळ आहे! तो उभा राहतोय ना चार चाकांवर? उभा राहतोय. झालं तर मग. पण नजर आपोआप भिंतीवर गेली. त्या एका फोटोवर. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये, पट्ट्यांनी करकचून आवळलेलं, कॅनव्हासमध्ये गुंडाळलेलं ते बोचकं. बाकीच्या फोटोंत त्या जागेपुढे कुणाचा तरी पाय, कुणाची बादली, कुणाचा झेंडा.

शर्यतीला निघालेल्या गाडीला फडकं कोण बांधेल? तेही इतक्या पट्ट्यांनी?

मामांनी भिंग डोळ्याला लावलं. कॅनव्हास खाली ताणला होता. आत जड काहीतरी होतं. त्या जुन्या मंडळींनी तेच केलं होतं जे मामांनी केलं. नाकात वजन घातलं होतं. उभं राहण्यासाठी नव्हे, पळताना. पुऱ्या जोराने मागची चाकं फिरली की अशा गाडीचं तोंड उचलतं, हे मामांनी शंभर वेळा वाचलं होतं. पुढे वजन नसलं की तोंड उचलतच राहतं आणि गाडी उताणी होते. चालवणारा खाली, इंजिन वर. अर्ध्या जोरावर ते कळलं नव्हतं. आज पुरा जोर होता.

त्यांनी फोन लावला. ठिणगीचा फोन वाजत राहिला. तो हत्यारांच्या पेटीत असणार, आणि तिच्या कानांवर हेल्मेट. परत लावला. परत तेच. ताईला लावायला बोट गेलं आणि तिथेच थिजलं. काय सांगणार होते? तिला काय सांगणार होते ते?

पुढचं त्यांना धड आठवत नाही. लॅब उघडीच राहिली, बर्नरही पेटताच राहिला असावा. टोळ छातीशी धरून ते रस्त्यावर आले, समोर कुत्रं बसलेलं होतं, त्याला ओलांडून गेले आणि टॅक्सीत शिरले.

"जुनी विमानपट्टी. लवकर!"

"खेळणं छान आहे हो," टॅक्सीवाला म्हणाला. "नातवाला वाटतं?"

"गाडी चालवा हो! बोलू नका!" मामा ओरडले, आणि आपण कुणावर तरी ओरडलो याचीच त्यांना धडकी भरली. टॅक्सी सिग्नलला थांबली की मामांचा जीव खालीवर होई. टोळाच्या पुढच्या चाकांतली तार त्यांच्या तळव्यात रुतत होती आणि त्यांना कळतही नव्हतं. देवा, तिचं हेल्मेट बसत नसू दे. पेट्रोल संपलेलं असू दे. पाऊस येऊ दे, भूकंप होऊ दे, काहीही कर!

पट्टीच्या फाटकाशी उतरले तेव्हा पावसाचं चिन्ह नव्हतं आणि इंजिन चालू होतं. तो आवाज कानाने ऐकायचा नव्हताच. तो पायांतून वर येत होता, दाढांत घुसत होता. खरा टोळ पट्टीच्या तोंडाशी उभा होता, हिरवागार, लांबच लांब, उन्हात चमकणारा. मामांनी आयुष्यात पाहिलेली ती सगळ्यांत सुंदर गोष्ट होती आणि त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. मागे, शेपटाशी, पट्ट्यांनी आवळून बसवलेलं एक लहानसं पांढरं हेल्मेट.

"ओ काका! तिकडे कुठे!" झेंडेवाल्याने त्यांची कॉलर धरली. हा दांडगा माणूस पट्टीच्या कडेला झेंडा घेऊन उभा होता.

"थांबवा! ती उलटेल!"

"काय?"

"उलटेल! उताणी होईल!"

झेंडेवाल्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्याने हसून मान हलवली आणि मामांना कडेला ढकलू लागला. मामांनी त्याच्या हाताला कडकडून चावा घेतला. हो, चावलेच! आयुष्यभर लोकांचे दात घडवलेल्या माणसाने स्वतःचे पहिल्यांदाच असे वापरले. झेंडेवाला किंचाळला, कॉलर सुटली, आणि मामा धावत जाऊन टोळाच्या समोर, पट्टीच्या मधोमध उभे राहिले.

इंजिन त्यांच्यावर भुंकत होतं. उष्ण वाफ तोंडावर येत होती. ती आता निघाली तर पहिले आपणच, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. त्यांनी लहान टोळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि तो जोरजोरात हलवला.

इंजिनाच्या वर ठिणगीचे डोळे दिसले. हेल्मेटच्या फटीतले डोळे हसले. तिने हातमोज्याचा अंगठा वर केला.

तिला वाटलं, भित्रा मामा शेवटी आला! आपल्याला बघायला आला, लहान टोळ मिरवत, फोटो काढून घ्यायला! तिने हाताने बाजूला व्हायची खूण केली. चल मामा, हो बाजूला. आणि इंजिनाचा आवाज आणखी चढला.

मग मामांनी ते केलं. टोळाचं शेपूट उजव्या हातात धरलं, नाक डाव्या हातात, आणि टोळ गुडघ्यावर घालून कडाड्दिशी मोडला.

आवाज कुणालाच ऐकू गेला नाही. पण ठिणगीने पाहिलं. ज्या टोळावर कुणी जोरात श्वास सोडलेला मामांना खपत नसे, ज्याला बोट लावल्याबद्दल लहानपणी तिला कोपऱ्यात उभं राहावं लागलं होतं, तो टोळ मामाने स्वतः मोडला. तिचे डोळे हसायचे थांबले.

इंजिन बंद झालं.

शांतता इतकी अंगावर आली की मामा खालीच बसले. ठिणगी पट्टे सोडून उतरली, हेल्मेट काढत धावत आली. "मामा! काय झालं? आईला काही झालं का?"

त त प प करत त्यांनी मोडलेलं नाक उघडून दाखवलं. हिरव्या रंगाच्या आत कवळीचा गुलाबी रंग होता, आणि त्या गुलाबीत शिशाचा गोळा. त्यांनी तो नखाने उकरून काढला. मग नाकाचा तुकडा कसाबसा परत जागेवर दाबला आणि टोळ तापलेल्या सिमेंटवर, चाकांवर ठेवला.

टोळाचं तोंड उचललं. सावकाश, कुणी दोरीने ओढावं तसं ते वर गेलं, आणि शेपूट जमिनीला लागलं. नाकाचा तुकडा गळून पडला.

ठिणगी बघत राहिली. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती उठली, खऱ्या टोळाच्या पुढे गेली, एका हाताने त्याचं नाक उचललं आणि हळूच खाली ठेवलं.

"ते बोचकं," ती म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो गं."

"तू म्हणालास, सोड." तिचा आवाज चढला. "मी विचारलं होतं मामा! आणि तू म्हणालास, सोड!"

मामांना वाटलं, आता ही आपल्याला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. झेंडेवाला हात चोळत जवळ आला होता.

"अजून काय आहे?" ठिणगीने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे अजून काय लपवलंयस? चल, उठ. दाखव मला."

मामा उठले. गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत ती एकेका जागेवर बोट ठेवत गेली आणि मामा उत्तर देत गेले. पट्टीवर इंजिनापुढे उभं राहताना वाटली नव्हती इतकी भीती त्यांना आता वाटत होती. दोन फोटो, ते म्हणत होते. दोन फोटो. हे तीन फोटोंत आहे. हे... हे एकात. मग एके ठिकाणी, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांच्या तोंडून तो शब्द बाहेर पडला. "अंदाज." एकदा पडल्यावर आणखी पडत गेला. त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं की तो इतक्या वेळा पडेल.

शेवटी तिने सीटच्या मागे बोट ठेवलं. खांद्यांवरून येणारे पट्टे जिथे सांगाड्याला अडकवले होते, तिथे. ज्यांच्यावर गाडी उलटल्यावर तिचा सगळा भार आला असता.

"आणि हे?"

मामांनी बघितलं. "हे कुठल्याच फोटोत नव्हतं," ते म्हणाले. "चालवणारा बसलेला असायचा ना, त्याच्या पाठीमागे झाकलेलं. मी... मला जिथे बरं दिसलं तिथे लावलं."

"बरं दिसलं," ठिणगी म्हणाली. ती टोळाच्या मागच्या चाकाला टेकून जमिनीवर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही. "सकाळपासून मला भीती वाटत होती, मामा. आत बसल्यावर तर हात गार पडले. आणि मी स्वतःला काय सांगत होते माहीत आहे? मामा इतका भित्रा आहे, त्याला जर भीती वाटत नाही, तर मला कशाला?"

मामा तिच्याशेजारी बसले. सिमेंट चटके देत होतं.

हत्यारांच्या पेटीत फोन वाजू लागला. झेंडेवाल्याने तो आणून ठिणगीच्या हातात दिला. तिने नाव बघितलं, नाक ओढलं आणि उचलला.

"हं आई... नाही, पळवली नाही... मी बरी आहे, खरंच बरी आहे. मामा आलाय इथे... हो, तोच! त्याने टोळ मोडला, लहान. स्वतः मोडला... का म्हणजे..." तिने मामांकडे पाहिलं. मामांच्या मुठीत अजून तो शिशाचा गोळा होता. "काही नाही गं. नंतर सांगते."

ती मामाला वाचवत होती. मामांना ते कळलं. एक शब्द न बोलता नुसतं बसून राहायचं, की सुटले. ताईच्या समोर उभं राहायला ते लहानपणापासून घाबरायचे, कुत्र्यांपेक्षा जास्त.

"दे इकडे," मामा म्हणाले.

"नको मामा. ती खाईल तुला."

"खाऊ दे. दे इकडे फोन." आणि मामांनी हात पुढे केला.